पाणी दिवसाआड

"मेथी कशी?"

"तीन रुपयाला पेंडी."

"आणि वांगी?"

"सात रुपये किलो. किती घालू?"

"घालू नका. दोडका काय भावानं?"

भाजीवालीनं तागडी खाली ठेवली आणि माझ्या हातातल्या वहीकडं बघितलं. "पावणं, मगापास्नं बघतीया. सगळ्या माळव्याचा भाव इचारून झाला, पिशवी मातूर रिकामीच. सरकारी मानूस हाईसा काय?"

"न्हाई वो. शिरगणीत ऱ्हायला यायचा इचार हाय."

"मग या की. त्यासाठनं दोडक्याची परवानगी लागती व्हय?"

आजूबाजूच्या बायका हसल्या. माझ्यामागं दोन पावलांवर हौसा उभी होती. तिनं पदराच्या गाठीतले तीन रुपये काढले आणि मेथीची पेंडी घेतली. आम्ही पुढं निघालो तसं मी तिला म्हणालो, "कराडपेक्षा आठ आणे स्वस्त."

"बघा तुमचं," हौसा म्हणाली.

गेला दीड महिना ती एवढंच बोलत होती.

मी एसटीतून रिटायर झालो त्याच वर्षीची ही हकिकत. चौतीस वर्षं कंडक्टर होतो, त्यातली सव्वीस वस्तीच्या गाडीवर. ही गाडी संध्याकाळी डेपोतून निघते, डोंगरातल्या शेवटच्या गावात रात्रीला राहते आणि सकाळी तिथली माणसं घेऊन परत येते. एक रात्र बाहेर, एक रात्र घरी, असा माझा सव्वीस वर्षांचा संसार. कुठं देवळात, कुठं शाळेच्या व्हरांड्यात, उन्हाळ्यात गाडीच्या टपावर झोपायचो. झोपताना एकच टोचणी असायची, की पोर लहान आहे आणि हौसा घरात एकटी आहे. दिवसाची ड्युटी मिळावी म्हणून मी किती अर्ज केले आणि किती साहेबांच्या मागं लागलो ते मलाच ठाऊक. निरोपसमारंभात मला बोलायला उभं केलं तेव्हा मी एकच वाक्य बोललो. "सव्वीस वर्षं बायकोला एकटी ठेवली, आता रोज रात्री घरी." टाळ्या पडल्या. हौसा पुढच्या रांगेत बायकांच्यात बसली होती आणि ओटीतला नारळ फिरवून फिरवून बघत होती. मला वाटलं, लाजली.

कराडच्या शनिवार पेठेतली आमची खोली मालकाला विकायची होती. मुलगा विश्वास पुण्याला भोसरीत कंपनीत होता. तो म्हणत होता, तिघांचं पाच होऊ द्या, या इकडं. पण मी आधी पाच-सात गावं बघायचं ठरवलं. नोकरी संपल्यावर मिळालेला दोन महिन्यांचा फुकट पास होता, तो दोघांना चालत होता. आता कुठंही राहायची मोकळीक होती, तर ती नीट बघून वापरावी असा माझा विचार. शाळेतल्या पोरासारखी एक वही केली आणि तिच्यात कंडक्टरच्या हिशेबाच्या वेबिलासारखे रकाने आखले. खोलीभाडं, भाजी, दूध, पाणी, दवाखाना, स्टँड किती लांब, आणि शेवटचा रकाना मोकळीक.

हा शेवटचा रकाना माझ्या मनाचा होता. पुण्याला आठ दिवस राहिलो तेव्हा सगळ्यात जास्त शाई त्यात गेली. विडी ओढायला तीन जिने उतरावे लागतात. लुंगीवर गॅलरीत उभं राहिलं की सूनबाई दार लोटून घेते. गेटवरचा वॉचमन रोज नाव विचारतो. मोकळीक शून्य. वाईला खोली झकास होती, पण मालक माळकरी, मटण बंद. फलटणला मोकळीक भरपूर, ऊन त्याहून भरपूर. प्रत्येक गावात संध्याकाळी मी वही उघडून हौसाला वाचून दाखवायचो आणि विचारायचो, "तुला काय वाटतं?"

"बघा तुमचं."

शिरगणी हे शेवटचं गाव. डोंगराच्या पायथ्याला, तालुक्याचं, जेमतेम एक बाजारपेठ. स्टँडजवळ द्वारकाबाई म्हणून एक विधवा बाई होती, तिच्या मागच्या दोन खोल्या रिकाम्या होत्या. बाई रोखठोक. म्हणाली, "आठ दीस राहून बघा. पटलं तर इसार द्या, न पटलं तर झाडून काढून जावा." भाडं कराडच्या निम्मं. वहीत एकच डाग पडला, तो पाण्याच्या रकान्यात. तिथं नळाला पाणी दिवसाआड यायचं. मंगळवारी आलं की गुरुवारी, मग शनिवारी.

आता उरलेले दिवस थोडे होते. विश्वासनं कराडला टेम्पो ठरवला होता. रविवारी सकाळी तो सामान भरणार होता, आणि ते पुण्याला न्यायचं की शिरगणीला, हे शनिवारी संध्याकाळपर्यंत फोन करून मी सांगायचं होतं. त्यानं बजावलं होतं, "आबा, एकदा हितं आणलं की मग परत हलवाहलव न्हाई." मला पुण्याला जायचं नव्हतं. पण हौसा काही बोलल्याशिवाय तिला कुठंतरी डांबून ठेवायचंही मनाला पटत नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा तिला विचारून काहीतरी करत होतो, आणि बाई तोंड उघडत नव्हती.

खरं सांगायचं तर मीही बरा नव्हतो. रिटायर झाल्यापासून माझे पाय घरात ठरत नव्हते. संध्याकाळी पाच वाजले की उगाच ड्युटीवरची पत्र्याची पेटी पुसायचो. घरात बसून बसून मी हौसाचे डबे लावून दिले, मसाल्याचा खाली आणि डाळीचा वर. ती उठली की विचारायचो, कुठं निघालीस. बसली की विचारायचो, काय करतीस. शेजारी गेली तर पाच मिनिटांनी मीही चप्पल घालून मागं. मला वाटायचं, सव्वीस वर्षांची भरपाई चालू आहे.

बुधवारी मी एकटाच डोंगरातल्या मोरघळ नावाच्या गावात गेलो. तिथं भाडं आणखी कमी आहे असं स्टँडवर कुणीतरी बोललं होतं. हौसाचे गुडघे दुखत होते, ती थांबली. मोरघळला चहाच्या टपरीवर माझ्याच वयाचा एक माणूस भेटला. दुधाचा भाव, तांदळाचा भाव असं विचारता विचारता आम्ही त्याच्या पोरीच्या लग्नापर्यंत पोचलो. इतक्यात घंटीचे दोन ठोके ऐकू आले. मान वळवली तर शिरगणीची शेवटची गाडी वळणावर निघून चाललेली. चौतीस वर्षं उशिरा येणाऱ्या माणसाला मी काय काय बोललो होतो, ते सगळं मला त्या टपरीवर आठवलं.

थोड्या वेळानं वस्तीची गाडी आली. तिचा ड्रायव्हर-कंडक्टर दोघं माझ्या पोराच्या वयाचे. मी कोण ते सांगितल्यावर त्यांनी मला आपल्याबरोबर मारुतीच्या देवळात घेतलं. भाकरी वाटून खाल्ली, जुन्या साहेबांना शिव्या घातल्या आणि आडवे झालो. घरी हौसा काळजीनं अर्धी झाली असेल, एवढी रुखरुख होती. तरी सांगायला लाज वाटते, सहा महिन्यांत अशी झोप लागली नव्हती.

सकाळी पहिल्या गाडीनं धापा टाकत परत आलो. मनात सबबी जुळवत दारात पाय ठेवला तर आत हसण्याचा आवाज. हौसा न्हाऊन, मोकळे केस पाठीवर टाकून उंबऱ्याशी बसली होती. पाय सरळ पसरलेले. समोर द्वारकाबाई, मधे चुरमुऱ्याची ताटली. पाणी आलेलं होतं आणि सगळी भांडी काठोकाठ भरून रांगेत मांडली होती. मला बघून हौसानं पाय आवरले.

"गाडी चुकली," मी म्हणालो.

"व्हय, वाटलंच मला. कसं होतं गाव?"

मी सांगितलं. टपरी, मारुतीचं देऊळ, ती दोन पोरं. शेवटच्या गाडीची गोष्ट सांगितली तेव्हा ती डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. कित्येक महिन्यांत मी तिचे दात बघितले नव्हते.

"आणि तुला कसं वाटलं हितं?" मी विचारलं.

"लई ब्येस वाटलं," हौसा म्हणाली. "गाव चांगलं हाय."

मी तडक उठलो. ही बाई पुन्हा गप्प व्हायच्या आत काम उरकायचं होतं. द्वारकाबाईच्या हातावर दोन हजार विसार ठेवला आणि वहीत शिरगणीच्या नावाला लाल शाईनं गोल केला. त्या दिवशी मी गावभर हिंडलो, न्हाव्याला सांगितलं, पानवाल्याला सांगितलं. मग घरी आलो आणि हौसाजवळ बसलो. संध्याकाळी बसलो, रात्री बसलो, शुक्रवारी दिवसभर बसलो. खिडकी कुठल्या बाजूला उघडते, पलंग कुठं बसेल, चूल कुठं, डबे कसे लावायचे, सगळं तिला समजावून देत होतो.

शुक्रवारी जेवताना विचारलं, "मग विश्वासला हितंच आणायला सांगू न्हवं सामान?"

"बघा तुमचं," हौसा म्हणाली.

मी हातातला घास ताटात ठेवला.

शनिवारी पहाटे नळ आला. आम्ही दोघं भांडी भरत होतो. मी नळाखाली घागर धरायची, तिनं उचलून आत न्यायची. दोन खेपा मी दम धरला, तिसरीला मला राहवेना.

"गुरुवारी गाव चांगलं व्हतं. दोन दिसांत काय वाईट झालं त्याला?"

"काय न्हाई."

"मग बोल की. दोन हजार इसार दिलाय मी तुझ्या शब्दावर. आज पोराला फोन करायचाय. तुला पुण्याला जायचंय काय?"

"न्हाई."

"मग हितं काय खुपतंय तुला? पाणी दिवसाआड येतं, ते?"

"पाण्याला काय झालंय," ती म्हणाली. "घागरी भरून ठेवती मी. मधल्या दिशी जपून वापरती. उलट आलेल्या दिशी बरं वाटतं."

"मग काय?"

तिनं घागर खाली ठेवली. पदरानं हात पुसले, नीट, बोटांच्या बेचक्यांपर्यंत. मग माझ्याकडं न बघता नळाकडं बघत बोलली.

"गाव चांगलं न्हवतं वाटलं मला. ती रात चांगली वाटली."

मला समजलं नाही. मी म्हणालो, "कुठली रात?"

"तुमी न्हवता ती."

घागर भरून वाहायला लागली होती. मी नळ बंद केला नाही, तिनंच केला.

"सव्वीस वरसं म्या दिवसाआड एकटी ऱ्हायली," हौसा म्हणाली. "सुरुवातीला लई भ्यायची. मग सवय झाली. मग गोडी लागली. त्या रातीला म्या सैपाक करत न्हवती. पोराला दूध-भाकरी चारली की दुपारचं काय उरलं असंल ते खायची. दाराची कडी घालून मधोमध अंथरूण टाकायची. कधी वाचनालयातलं पुस्तक आणून वाचायची, दिवा चालू ठिवून. कधी नुसती पडायची."

"एवढंच?"

"एवढंच. कुणी इचारायचं न्हाई, काय करतीस म्हणून."

मी भरलेली घागर बाजूला सरकवली.

"दुसऱ्या दिशी तुमी यायचा. कुठल्या कुठल्या गावचं काय काय सांगायचा. म्या वाट बघायची त्याची. आता तुमी हलतच न्हाई, तर सांगनार काय? तुमाला पाणी दिवसाआड चालतं, त्याचा वहीत एक डाग. मला तुमी दिवसाआड चालता. रोज न्हाई जमत मला. आता म्हातारपणी शिकायचं म्हणलं तरी न्हाई जमायचं."

मला राग आला. नुसता राग नाही, लागलं. सव्वीस वर्षं देवळांच्या फरशीवर पडून मी जिच्यासाठी तळमळलो, ती त्या रात्री मधोमध अंथरूण टाकून सुखानं झोपत होती. दिवसाच्या ड्युटीसाठी साहेबांचे पाय धरले त्याचं काय? निरोपसमारंभातल्या त्या टाळ्यांचं काय? तिला म्हणालो, "आधी का बोलली न्हाईस?"

"तुमी भरल्या सभेत बोलला. त्यावर म्या काय बोलायचं?"

मी चप्पल घातली आणि बाहेर पडलो. चहा न घेता, पाणी अर्धं राहिलेलं तसंच टाकून. दिवसभर शिरगणीच्या चारी वेशी पायाखाली घातल्या. एकदा वाटायचं, चल पुण्यालाच, बस म्हणावं तीन खोल्यांत माझ्या तोंडासमोर रोजच्या रोज. मग देवळाच्या कट्ट्यावर बसलो आणि वही काढली. मोकळीक या रकान्यातली एकेक ओळ वाचली. विडी, लुंगी, मटण, वॉचमन. सात गावं झाली होती आणि सातही ठिकाणी मोकळीक माझीच होती. तिच्यासाठी मी ओळ सोडलेली नव्हती. ती प्रत्येक गावात माझ्यामागं दोन पावलांवर उभी होती आणि प्रत्येक गाव तिला सारखंच होतं, कारण प्रत्येक गावात मी होतो.

आणि मोरघळच्या त्या देवळात मला कशी झोप लागली होती, हेही आठवलं. ते आठवल्यावर राग धरून ठेवणं अवघड झालं.

साडेचारला एसटीडी बूथवर गेलो. विश्वास फोनजवळच बसलेला असावा.

"आबा, काय ठरलं? कुठं आणू?"

माझ्या मागं दोघं रांगेत उभे होते. काचेतून स्टँड दिसत होता. वस्तीची गाडी फलाटाला लागत होती आणि तिचा कंडक्टर खिडकीतून बोर्ड बदलत होता.

"शिरगणीला आण," मी म्हणालो.

"नक्की? आई काय म्हणती?"

"आईनंच ठरवलंय."

खोलीवर आलो तर हौसा अंधाऱ्या कोपऱ्यात बसून होती. सकाळची राहिलेली भांडी तिनं एकटीनं भरली होती. "विश्वास सामान हितं आणतोय," मी सांगितलं. मी खुंटीवरची वळकटी काढली, तिच्याखालची पत्र्याची पेटी ओढली आणि आत टॉवेल, लुंगी, विडीचं बंडल टाकलं. ती बघत होती.

"कुठं निघाला?"

"मोरघळची वस्तीची गाडी सव्वापाचला हाय."

ती उठली. मला वाटलं अडवते की काय, आणि अडवलं असतं तर मी थांबलोही असतो. पण ती चुलीकडं गेली. "थांबा," म्हणाली, "भाकरी होऊ द्या." दोन भाकरी आणि ठेचा तिनं धडप्यात बांधून दिला. तिनं स्वतःसाठी काही केलं नाही, हे मी बघितलं. ती दुपारचं खाणार होती.

गाडीत त्याच दोघांपैकी कंडक्टर होता, ड्युटी बदलून आलेला. म्हणाला, "काका, परत गाडी चुकली काय?" मी तिकीट काढलं. पास चालला असता, पण मला तिकीट काढावंसं वाटलं. रात्री देवळात ती भाकरी खाल्ली आणि आडवा झालो. घरात माझ्या जागेवर आता मधोमध अंथरूण पडलं असेल, हे डोळ्यांसमोरून जाईना. बऱ्याच वेळानं झोप लागली, आणि लागली ती गाढ लागली.

रविवारी सकाळी शिरगणीच्या स्टँडवर उतरलो. सासरी पहिल्यांदा जाणाऱ्या नव्या जावयासारखी माझी अवस्था होती. द्वारकाबाई अंगण झाडत होती. पेटी, वळकटी बघून ती झाडू धरून उभी राहिली.

"रातीला कुठं होता वो?"

मी काही बोलायच्या आत हौसा दारात आली. "ड्युटीवर," ती म्हणाली.

"आता गं बया. रिटायर झालेत न्हवं?"

"एसटीनं केलंय. म्या न्हाई केलं."

आत आलो. चूल पेटलेली होती आणि चहा दोघांचा टाकलेला होता. कोपऱ्यात अंथरुणाची घडी होती आणि तिच्यावर पालथं घातलेलं एक जुनं मासिक. काल कुणाकडनं मागून आणलं, किती वेळ वाचत होतीस, सगळे प्रश्न माझ्या जिभेपर्यंत आले. मी ते चहाबरोबर गिळले. हौसानं कपबशी माझ्यापुढं सरकवली आणि समोर मांडी घालून बसली.

"कसं होतं गाव?"

दीड महिना सात गावांत मी तिला बरोबर घेऊन फिरलो, आणि एकदाही तिनं हे विचारलं नव्हतं. मी सांगायला लागलो. कंडक्टरची थट्टा सांगितली, वाटेत गाडीत चढलेली शेळी सांगितली, शेळीचं अर्धं तिकीट मागणारी म्हातारी सांगितली. ती ऐकत होती. मधेच हसली, मधेच "मग?" म्हणाली. बशीतला चहा निवून गेला. दुपारी विश्वास टेम्पो घेऊन यायचा होता, त्याच्या आत खोली झाडायची होती, पण ती उठत नव्हती आणि मीही उठवत नव्हतो.

शेवटी मी हळूच विचारलं, "मग उद्या जाऊ का परत?"

"उद्या नगं," हौसा म्हणाली. "उद्या घरीच थांबा. उद्या पाणी हाय."